एकोप्याची हाऊजी

मला खेळ आवडत नाहीत, आणि खेळायला बसली की माणसंही आवडेनाशी होतात. भोरला आमच्या कॉलनीत बायकांची दर महिन्याला हाऊजी असते. दहा वर्षांत मी दोनदा गेले असेन, आणि दोन्ही वेळा डोकं दुखतंय म्हणून लवकर उठले. तरीही वेल्ह्याकडच्या एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हाऊजी ठेवायची, हे खूळ माझ्याच डोक्यातून निघालेलं. दुसऱ्या कुणावर ढकलता आलं असतं, तर एव्हाना ढकललं असतं.

गाव गडाच्या पायथ्याच्या पालीच्या अलीकडं. गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या शनिवार-रविवारी गावातून धूळ उडवत जातात आणि येताना आमच्या शाळेच्या नळावर बूट धुतात. गावाच्या दोन आळ्या, वरची आणि खालची. मधे ओढा, ओढ्यावर मोरीचा छोटा पूल आणि मोरीला लागून शाळा. म्हणजे शाळा दोघांचीही नाही. ग्रामपंचायतीच्या कुठल्याशा निवडणुकीपासून दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद होतं. ती निवडणूक कोण जिंकलं होतं हे विचारलं तर दोन्हीकडून वेगळं उत्तर यायचं. पालकसभेला वरच्या आळीच्या बायका खिडकीकडं बसायच्या, खालच्या दाराकडं, आणि मधली सतरंजी कुणी तरी पाणी सांडून ठेवल्यासारखी मोकळी. त्या मोकळ्या सतरंजीकडं तोंड करून मी सहा वर्षं मुलांच्या प्रगतीबद्दल बोलत होते.

शाळेत आम्ही दोघं. मुख्याध्यापक सर आणि मी. सरांचं निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं आणि ते वर्ष त्यांना एकही शब्द न बोलता काढायचं होतं. तिसरं माणूस म्हणजे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. त्या खालच्या आळीच्या. नवरा टेम्पोवर हमाली करायचा, पाठ गेली तसा घरी बसला. घर मावशींच्या या कामावर चाललेलं. काम मात्र असं, की मी माझ्या स्वैपाकघरात तेवढं नीट करत नाही. तांदूळ दोनदा निवडणार, आमटीला मिरची बेतानं, कुठल्या पोराला मटकी बाधते हे ध्यानात ठेवणार. वाढताना आळी बघणार नाहीत. गावात आळी न बघणारं तेवढं एकच माणूस मला भेटलं.

आणि त्यांचंच काम काढून घ्यायला शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष टपलेले. हे वरच्या आळीचे. हायवेला शिवऱ्याजवळ त्यांचं टायरचं दुकान. मावशींच्या जागी त्यांना आपली भावजय आणायची होती. दरवर्षी समितीच्या सभेत तो विषय यायचा, वरच्या आळीचे सदस्य हो म्हणायचे, खालच्या आळीचे नाही म्हणायचे. खालच्यांना मावशींचं काही पडलं होतं असं नाही; वरचे हो म्हणाले म्हणून हे नाही. मतं निम्मी-निम्मी पडली की सर घसा खाकरून म्हणायचे, "पुढच्या सभेत घेऊ." मावशींची चूल त्या भांडणावर पेटत होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोक्यात संतापच इतका होता, की तिथं दुसरं काही मावत नव्हतं.

संताप आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा. लेझमीच्या रांगेत पुढं कुठल्या आळीचं पोर, यावरून दोन बाप पडद्यामागं एकमेकांच्या गळ्यापर्यंत गेले. लेझीम तशीच वाजत राहिली. त्या संध्याकाळी मी सरांना सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी नाच नाही, गाणं नाही, रांग नाही. सगळ्यांनी बूड टेकून बसायचं, समोरच्या कागदावरचे आकडे खोडायचे आणि घरी जायचं." त्यातून ही हाऊजी निघाली. या खेळात पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. आकडा काही आळी विचारून येत नाही. मला वाटलं, माझ्याइतकं हुशार पंचायत समितीच्या अख्ख्या हद्दीत कुणी नसेल.

अध्यक्ष पहिल्यांदा भडकले. "शाळंत जुगार चालू करताय व्हय बाई? उद्या पत्त्याचा क्लब काढाल." पैसे लावायचे नाहीत, एका तिकिटाला मापटंभर तांदूळ आणायचा, त्यातून चौथीच्या मुलांना निरोपाचं जेवण घालायचं, असं मी तीनदा समजावलं. ते ढिम्म. मग म्हटलं, पहिला आकडा तुमच्या हातानं काढायचा आहे. त्यांचा जुगाराला असलेला विरोध तिथंच संपला. एक पातेलं आणि एक कुकर बक्षीस म्हणून त्यांनी स्वतःच कबूल केलं. खालच्या आळीला हे कळताच तिकडून दोन स्टीलचे डबे आणि एक मोठी परात आली. मला फार आनंद झाला, आणि तो आनंद आठवला की आता स्वतःची लाज वाटते.

तिकिटं मी केली. कॉलनीतल्या एका बाईकडून हाऊजीचं जुनं पुस्तक आणलं. त्यात एका पानावर सहा तिकिटं, सहाही वेगळी. ते पान पट्टी घेऊन मी मोठ्या अक्षरात उतरवून काढलं, कारण म्हाताऱ्या बायकांना बारीक आकडे दिसायचे नाहीत. अक्षर माझं सुरेख आहे, एवढं एक तरी मला बोलू द्या. मग ते पान झेरॉक्सवाल्याकडं दिलं आणि सांगितलं, "पंधरा प्रती." तेवीस वर्षं मी हेच केलं आहे. प्रश्नपत्रिका लिहायची, पट जेवढा तेवढ्या प्रती काढायच्या, कटरनं सगळ्या एकदम कापायच्या, गठ्ठ्याला रबर लावायचं. परीक्षेत सगळ्यांना सारखाच कागद मिळाला पाहिजे, ही शिस्त माझ्या हाडात मुरलेली. हाऊजीत सारखाच कागद मिळाला तर काय होईल, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. सहा गठ्ठे झाले. एकेका गठ्ठ्यात एकाच तिकिटाच्या पंधरा प्रती.

कार्यक्रम बुधवारी ठेवला. शनिवार-रविवारी गावातली निम्मी घरं ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी घालण्यात गुंतलेली असतात. बिबट्याच्या भीतीनं आठच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं होतं, म्हणून सुरुवात पाचला. कामथडीहून माइक आणि दोन कर्णे टेम्पोतून आले. मावशी दुपारपासून राबत होत्या. पटांगण झाडलं, मोठ्या वर्गात सतरंज्या घातल्या, चहाचं आधण ठेवलं. मग मी त्यांना दारात टेबल मांडून बसवलं. बायका येतील, तांदूळ पिंपात ओततील, की त्यांना एकेक तिकीट द्यायचं. गठ्ठे एकावर एक रचून मी त्यांच्यापुढं ठेवले.

त्यांनी वरचा गठ्ठा हातात घेऊन चाळला. "बाई, ही समदी येकसारखीच दिसत्यात. मिसळून घिऊ का?"

तेवढ्यात माइकवाला वायर कुठं जोडू म्हणून ओरडत होता, सर नारळ सापडत नाही म्हणत होते, आणि अध्यक्षांची मंडळी वरच्या वाटेनं येताना दिसत होती. मी खेकसले, "मावशी, तुम्ही डोकं चालवू नका. एक गठ्ठा संपला की पुढचा घ्यायचा. नुसत्या वाटा."

"बरं," त्या म्हणाल्या.

वरची आळी आधी आली, कारण पहिल्या आकड्याचा मान त्यांचा होता आणि तो बघायला अख्खी आळी हजर पाहिजे होती. त्यांनी पहिले तीन गठ्ठे संपवले. खालची आळी मुद्दाम उशिरा आली, म्हणजे तो मान बघायला लागू नये. त्यांना उरलेले तीन मिळाले. खिडकीची बाजू आणि दाराची बाजू भरली. मधली सतरंजी होती तशीच.

नारळ त्यानंतर सापडला आणि दोन्ही आळ्यांसमोरच फुटला. अध्यक्ष अर्धा तास बोलले. गावाचा विकास, हायवे, आपलं स्वतःचं लहानपण. शेवटी चिठ्ठ्यांच्या हंड्यात हात घालून त्यांनी पहिला आकडा काढला आणि माइक माझ्याकडं दिला. मी आकडे पुकारू लागले. आणि खरं सांगते, पंधरा मिनिटं फार छान गेली. ऐंशी माणसं कागदात तोंड घालून बसलेली. दाराकडची एक म्हातारी खिडकीकडच्या बाईला विचारत होती, "आता काय म्हनल्या, साट का साहा?" आणि ती बाई सांगत होती, "साट, आजी, साट." त्या दोघी कित्येक वर्षांनी बोलत होत्या. माझा आवाज माइकवर भरून आला, इतकी मी मूर्ख.

सगळ्यांत आधी पाच आकडे खोडणारीला पातेलं होतं. खिडकीकडून आवाज आला, "जल्दी पाच!"

एक बाई उठून उभी राहिली. तिच्या मागं दुसरी. मग तिघी-चौघी, मग त्या बाजूला सगळीकडून. "माजं झालं!" "माजं बी!" पंधरा बायका हातात कागद नाचवत उभ्या राहिल्या, सगळ्याच्या सगळ्या वरच्या आळीच्या. दाराकडं एकही नाही.

क्षणभर सगळे हसले. मी पण. मग दाराकडून एक पुरुष उठला. "हे काय चाललंय? समदी बक्षिसं वर न्यायची ठरवूनच आलाय का?" खिडकीकडून उत्तर गेलं, "पातेलं एक आन् बाया पंदरा. त्याचं काय पंदरा तुकडं करायचं? आमचं हसं करायला बोलावलंय आमाला!" अध्यक्षांनी दोन बायकांच्या हातातली तिकिटं घेतली, शेजारी शेजारी धरली. तिसरं घेतलं. टायरच्या धंद्यात नकली माल ओळखायचा त्यांना बराच अनुभव असावा, लगेच ध्यानात आलं.

"समदी सारखी हायेत," ते म्हणाले. "ही वाटली कुनी?"

ऐंशी माना दाराकडच्या टेबलाकडं वळल्या. मावशी तिथं पिंपाला झाकण लावत होत्या. त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाईंनी दिली तशी वाटली."

"व्हय का बाई?" अध्यक्षांनी मला विचारलं.

माइक माझ्या हातात होता. कर्णे ओढ्यापलीकडं ऐकू जात होते. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की चूक माझी, मला हा खेळ येत नाही, मावशींनी मला विचारलं होतं. तेवढं एक वाक्य. पण मी तेवीस वर्षं पोरांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या होत्या, आणि त्या ऐंशी जणांसमोर आपल्या नावाखाली लाल रेघ मारून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी म्हणाले, "तिकिटं मी दिली होती. वाटपाचं काम त्यांच्याकडं होतं. नेमकं काय झालं त्याची चौकशी करू."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी किती बेतून बोलले, ते माझं मलाच त्या क्षणी कळलं.

मग जे झालं ते मी उभी राहून बघितलं. खालची आळी मावशींवर तुटून पडली, कारण त्या त्यांच्यातल्या असून वरच्यांना जिंकवायला बसल्या. "काय घेतलंस गं त्येंच्याकडनं?" वरची आळी तुटून पडली, कारण खालच्या आळीच्या बाईनं मुद्दाम सारखी तिकिटं देऊन त्यांचा पाणउतारा केला. "ह्येच शिकवून धाडलं व्हय तुला?" दोन्ही आरोप एकदम खरे असणं शक्य नाही, हे तिसरीच्या पोरालाही कळलं असतं. तिथं कुणालाच कळायचं नव्हतं. बायका उठून टेबलाभोवती आल्या, दोन्हीकडच्या, आणि मधल्या मोकळ्या सतरंजीवर पहिल्यांदा माणसं उभी राहिली. मावशींनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी हंड्यातल्या आकड्यांच्या चिठ्ठ्या गोळा करत होते, फार महत्त्वाचं काम असल्यासारखी. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला मी घालूनपाडून बोलले असते.

तांदूळ ज्यानं त्यानं परत नेला. कुणाचा कुठला, यावरून आणखी थोडी बोलाचाली झाली.

आठ दिवसांनी समितीची सभा भरली. ते आठ दिवस मावशी रोज आल्या, भात शिजवला, भांडी घासली, माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी रोज सकाळी स्कूटीवरून येताना ठरवायची की आज सांगायचं. आणि रोज काही ना काही निघायचं. एक दिवस केंद्रप्रमुख आले, एक दिवस ऑनलाइन माहिती भरायची होती. सरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आता ते उकरून काढू नका. वातावरण शांत झालंय."

वातावरण खरंच शांत होतं. सभेला दोन्ही आळ्यांचे सदस्य आले आणि मिसळून बसले. खालच्या आळीच्या एकानं अध्यक्षांना तंबाखू विचारली. मी आत गेले तेव्हा दोघं हसत होते. विषय एकच होता. अध्यक्षांनी ठराव मांडला, सध्याच्या स्वयंपाकी बाईंना कमी करावं. खालच्या आळीच्या सदस्यानं अनुमोदन दिलं. हात वर झाले. माझ्या सहा वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं, एकही हात खाली राहिला नाही. इतक्या वर्षांत त्यांना एकत्र यायला कुणी तरी लागत होतं, ते मी त्यांना आणून दिलं होतं.

मी उठून उभी राहिले. "थांबा. तिकिटं मीच तशी केली होती. झेरॉक्स मी काढली, गठ्ठे मी बांधले. मावशींनी मला विचारलं होतं की मिसळू का. मी त्यांना गप्प केलं. त्यांची काही चूक नाही."

मला वाटलं, आता माझ्यावर येतील. मी त्यासाठी तयार होते, खरं तर तेच मला हवं होतं.

खालच्या आळीचा सदस्य मान हलवत म्हणाला, "बाई, तुमी कशाला तिच्यावर पांघरून घालताय? तुमच्यासारक्या शिकल्या-सवरल्या बाईकडनं आसं व्हईल का?"

"बाईंचं मनच मोटं," अध्यक्ष म्हणाले. "गरिबाचं काम जातंय म्हनून सोतावर घेत्यात."

मी ओरडले. खरंच ओरडले, टेबलावर हात आपटला, तेच पुस्तक पर्समधून काढून दाखवलं. मी जितकी चिडत गेले, तितके ते माझ्याकडं कौतुकानं बघत गेले. सरांनी मान वर न करता इतिवृत्तात लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर. आणि मग अध्यक्षांनी पिशवीतून शाल काढली. त्यांनी ती येतानाच आणली होती. गाव एकत्र बसलं, ते बाईंमुळं, हाऊजीचं निमित्त झालं, असं काहीबाही बोलून त्यांनी ती सरांच्या हातात दिली आणि सरांनी माझ्या खांद्यावर घातली. दोन्ही आळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल भिरकावून द्यायला हवी होती. मी हात जोडले. कुणी शाल घातली की हात आपोआप जोडले जातात, मला वाटतं मेल्यावरसुद्धा जोडले जातील.

सभेसाठी चहा मावशींनीच केला होता. मी मागच्या दारानं बाहेर आले तेव्हा त्या नळाखाली पातेलं घासत होत्या. आत काय झालं ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. खिडकी उघडी होती.

"मावशी, मी सांगितलं त्यांना," मी म्हणाले. "सगळं खरं सांगितलं. ते ऐकेचनात."

त्यांनी पातेलं उपडं घातलं, हात पदराला पुसले. कमरेची स्वैपाकखोलीची किल्ली सोडून नळाच्या कट्ट्यावर ठेवली.

"ऐकलं म्या," त्या म्हणाल्या. "आज चार भिंतीत सांगितलंत. त्या दिशी दोन कर्णं व्हतं."

मी पुन्हा बोलायला लागले, वर अर्ज करते, गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटते, लेखी देते. त्या मधेच माझ्याकडं वळल्या. चेहऱ्यावर राग होता, आणि तो माझ्या रागासारखा वटवट करणारा नव्हता.

"बाई, ती शाल काडा आदी," त्या म्हणाल्या. "मग बोला."

आतून अध्यक्षांची माणसं फोटोसाठी मला हाका मारत होती. मी शालीला हात घातला. पण त्यांनी माझी वाट बघितली नाही. त्या मोरी ओलांडून गेल्या, आणि हाका मारणाऱ्यांकडं मी शाल तशीच खांद्यावर घेऊन आत गेले.